निराधार, ज्येष्ठ आणि दिव्यांगांचे अर्थसाहाय्य : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी निवडलेले बहुतेक प्रश्न तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेशी संबंधित आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. पात्रता नाही म्हणून अडलेल्यांपेक्षा, पात्र असूनही कागदावर अडलेले आणि कोणीतरी तोंडी ‘होत नाही’ म्हटल्यामुळे घरी परतलेले अर्जदार कितीतरी अधिक आहेत. म्हणून उत्तरांमध्ये योजनांच्या माहितीइतकाच भर अर्ज पुढे कसा न्यायचा यावर दिला आहे. प्रश्नकर्त्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ४२ आहे. दोन वर्षांपूर्वी पतीचे निधन झाले. मी शेतमजुरी करते आणि मुलांसह वेगळी राहते, पण शिधापत्रिका सासरे आणि दिरांसह एकत्रच आहे. साऱ्या घराचे उत्पन्न धरल्यामुळे दाखला साठ हजारांचा आला. ‘एकवीस हजारांच्या वर गेले, तुमचे प्रकरण बसत नाही,’ असे सांगून अर्ज घेतलाच नाही. आता काय करावे? — एक भगिनी, बीड जिल्हा

उत्तर : आपण वेगळ्या राहता आणि आपली चूल वेगळी आहे, तर उत्पन्नही वेगळेच दाखवले गेले पाहिजे, आणि ते तसे दिसावे यासाठी पहिले काम शिधापत्रिकेचे आहे. तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत विभक्त शिधापत्रिकेसाठी अर्ज करावा. त्यासोबत पतीच्या मृत्यूचा दाखला, मुलांची आधारपत्रे आणि वेगळ्या राहण्याचा पुरावा, म्हणजे वीजबिल, घरपट्टीची पावती, भाडेकरार किंवा ग्रामपंचायतीचा रहिवास दाखला यांपैकी जे असेल ते, जोडावे. नंतर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नव्याने अर्ज करून तलाठ्यांच्या चौकशीच्या वेळी स्वतः हजर राहावे. चौकशीच्या जबाबात वर्षातले किती महिने काम मिळते, पावसाळ्यानंतर किती आठवडे बसून काढावे लागतात आणि शेतजमीन आपल्या नावावर आहे की नाही, या गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात, कारण पुष्कळदा दाखल्यातील आकडा चौकशी न करता गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवला जातो. जबाब वाचून घेतल्याखेरीज सही किंवा अंगठा करू नये. उत्पन्न खोटे सांगण्याचा किंवा प्रत्यक्षात एकत्र राहत असताना कागदोपत्री वेगळे होण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. पुढच्या पडताळणीत ते उघड झाले तर अनुदान बंद होऊन वसुली निघते. आपल्या बाबतीत मात्र खरे तेच सांगायचे आहे.

आता मर्यादेविषयी. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून सुरू आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दुर्धर आजाराने ग्रासलेल्या, दिव्यांग आणि अन्य निराधार व्यक्तींना ती वयाच्या ६५ वर्षांपर्यंत लागू होते, आणि अर्जदार किमान पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. मासिक अनुदान ६०० रुपयांवरून २०१९ साली १,००० आणि २०२३ साली १,५०० रुपये झाले. या दोन्ही वेळा कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा मात्र २१,००० रुपयांवरच राहिली. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. एकवीस हजार म्हणजे दिवसाला साधारण अठ्ठावन्न रुपये. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाखाली प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेसाठी याच राज्यात ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपयांची मर्यादा आहे. म्हणजे धान्याच्या दुकानात जी बाई गरीब ठरते, तीच बाई निराधार शाखेच्या खिडकीपाशी गरीब राहत नाही. माझ्या मते ही मर्यादा वाढवल्याशिवाय अनुदानातील वाढीचा उपयोग निम्माच आहे, आणि लोकप्रतिनिधींना निवेदने देताना रकमेपेक्षा या मर्यादेचा आग्रह आधी धरला पाहिजे. तोवर आहे त्या नियमात आपले प्रकरण बसते, इतकेच सध्या महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण ती पाहून घ्यावी. आपले कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल आणि निधनाच्या वेळी पतीचे वय १८ ते ५९ यांमध्ये असेल, तर घरातील कर्ता माणूस गेल्याबद्दल राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. हा अर्जही त्याच शाखेत होतो, पण निराधारचा अर्ज घेताना तो बहुधा कोणी सुचवत नाही. यादीत नाव असल्यास चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या विधवेला इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तीवेतन योजनाही लागू होते. केंद्राचे ३०० रुपये त्यात येतात आणि उरलेली रक्कम राज्य घालते, त्यामुळे हातात येणारी एकूण रक्कम बदलत नाही. अडचण यादीची आहे. ही यादी २००२ च्या सर्वेक्षणावर आधारलेली आहे, आणि त्यानंतर ज्यांचे संसार उभे राहिले त्यांची नावे स्वतंत्रपणे त्यात असण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून सासऱ्यांच्या नावाने नोंद आहे का, हे ग्रामसेवकांकडे पाहून घ्यावे.

प्रश्न : मला निराधारचे १,५०० रुपये मिळतात. लाडकी बहीण योजनेचेही मिळतील का? — एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : नाही. शासनाच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा त्याहून अधिक मिळत असतील, तर लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही. चुकून दोन्ही सुरू झाले असतील तर स्वतः लेखी कळवावे आणि कोणता लाभ सुरू ठेवायचा तेही लिहावे. विधवांनी, आणि विशेषतः दिव्यांग भगिनींनी, घाईने निराधारचा लाभ सोडू नये असे मला वाटते. लाडकी बहीण योजनेला ६५ वर्षांची मर्यादा आहे. निराधारचे लाभार्थी ६५ पूर्ण झाल्यावर ज्येष्ठांसाठीच्या श्रावणबाळ निवृत्तीवेतन योजनेकडे वर्ग होतात आणि आधार पुढेही चालू राहतो.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. आधार शिबिरात अंदाजाने वय लिहिल्यामुळे आधारपत्रावर त्यांचे वय ६१ दिसते आणि त्यामुळे श्रावणबाळ योजनेचा अर्ज परत आला. वडील दुसरीपर्यंत शिकले आहेत, जन्माची नोंद नाही. — एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : दुसरीपर्यंत शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांची नोंद आहे, आणि आपल्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा तोच. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ही जुनी रजिस्टरे जपून ठेवलेली असतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन नोंदीचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला मागावा. प्रवेशाचे नेमके साल आठवत नसेल तर त्यांच्यासोबत शिकलेल्या एखाद्या गावकऱ्याच्या नोंदीपासून शोध घ्यावा. त्या वेळचे पान पिवळे पडलेले आणि शाई उडालेली असली तरी नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख वाचता येत असेल तर उतारा मिळू शकतो. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कोणत्या शाळेकडे वर्ग झाले, ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात समजते.

आधारपत्र हा वयाचा अंतिम पुरावा नव्हे. अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली हेच स्पष्ट केले आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख ग्राह्य मानली. अर्जासोबत हा दाखला जोडून विसंगतीचा खुलासा एका कागदावर करावा. तरीही पुढे रक्कम आधारच्या नोंदीवरूनच जमा होणार असल्यामुळे, त्याच दाखल्याच्या आधारे आधारमधील जन्मतारीख दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे. ही दुरुस्ती सर्वसाधारणपणे एकदाच करता येते, म्हणून केंद्रावरून उठण्यापूर्वी पडद्यावरचा मजकूर वडिलांना वाचून दाखवावा. शाळेची नोंद सापडलीच नाही, तर जुन्या मतदारयादीतील वयाचा उतारा आणि शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला हे पर्याय उरतात.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी वय ६५ आणि उत्पन्न २१,००० च्या आत लागते. वडिलांचे प्रकरण सुरू होईपर्यंत निदान मुख्यमंत्री वयोश्री योजना त्यांच्या कामी येते का ते पाहावे. त्यात ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. वयाचा दाखला मात्र तिथेही लागेलच.

प्रश्न : आईचे श्रावणबाळचे पैसे चार महिन्यांपासून खात्यात आलेले नाहीत. बँक म्हणते तहसीलला विचारा, तहसील म्हणते बँकेला विचारा. आधार लिंक आहे. — एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या प्रश्नातले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक गोंधळ तिथेच असतो. ओळखीसाठी आधार क्रमांक एखाद्या खात्याला जोडलेला असणे आणि शासनाची रक्कम त्याच खात्यात यावी अशी नोंद असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार एकाच वेळी चार खात्यांना जोडलेले असू शकते. थेट लाभाची रक्कम मात्र एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधील देवाणघेवाण सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत ज्या एका खात्याचे नाव आहे तिथेच जाते, आणि ज्या बँकेने सर्वांत शेवटी संमती घेऊन नोंद केली तिचेच नाव तिथे राहते. आता निराधार व श्रावणबाळचे अनुदान थेट लाभ हस्तांतरण पोर्टलवरून दिले जात असल्यामुळे, अर्जात लिहिलेला खाते क्रमांक काहीही असला तरी पैसे त्या नोंदीप्रमाणेच जातात. एखाद्या दुकानात मोबाइलचे सिमकार्ड घेताना किंवा गावात आलेल्या माणसाच्या यंत्रावर अंगठा देताना आईच्या नावे नवे खाते उघडले गेले असेल, तर चार महिन्यांची रक्कम तिथे पडून असणे अगदी शक्य आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आईच्या क्रमांकाने ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहावी. बँकेचे नाव, नोंद चालू आहे की बंद आणि तारीख तिथे दिसते. वेगळी बँक दिसली तर त्या बँकेत आधी शिल्लक तपासावी, आणि नंतर जुन्या बँकेच्या शाखेत थेट लाभाच्या नोंदीसाठी संमतीचा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

नोंद बरोबर असूनही पैसे नसतील, तर दुसरे कारण हयातीच्या दाखल्याचे असते. लाभार्थ्याने दरवर्षी हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो, आणि तो दिला नाही किंवा शाखेत नोंदवायचा राहिला तर नाव स्थगित होते. याची माहिती घरी कोणी पाठवत नाही. संजय गांधी शाखेत ‘माझे नाव कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या कारणाने स्थगित आहे’ असा एका ओळीचा लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का व सही घ्यावी. ‘बँकेला विचारा’ हे उत्तर कागदावर कोणी लिहून देत नाही, त्यामुळे लेखी अर्ज दिला की शाखेला नोंद उघडून पाहावीच लागते.

आपण पत्रात आईच्या बोटांचे ठसे उमटत नसल्याचेही लिहिले आहे. आयुष्यभर खुरपणी आणि भांडी केलेल्या हातांच्या रेषा झिजतात. बँक मित्राच्या यंत्रावर आधी अंगठा, मग तो पदराला पुसून पुन्हा, मग तर्जनी, मग दुसरा हात, आणि शेवटी ‘उद्या या’, हे अनेक गावांत रोज घडते. यात आईचा काही दोष नाही आणि पैसे अडवण्याचे हे कारणही नव्हे. आधार केंद्रावर ठसे अद्ययावत करून घ्यावेत, डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय असेल तिथे ती मागावी. बँकेच्या मूळ शाखेत तर पैसे काढण्याच्या पावतीवर दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा घेऊन रक्कम देण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने आजारी आणि अशक्त खातेदारांसाठी घालून दिलेलीच आहे, त्यांतला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तर वर्षांवरील आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सूचनाही दिल्या आहेत. पैसे कुठूनही काढले तरी छापील पावती घ्यावी आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून आणावे. ‘अजून जमा नाही’ असे सांगून पैसे परस्पर काढले जाण्याचा धोका अंगठ्याच्या व्यवहारात नेहमीच असतो.

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला सही करता येत नाही, बोलणे अस्पष्ट आहे. अठरा पूर्ण झाल्यावर त्याच्या नावाचे खाते मी चालवू शकत नाही असे बँक म्हणते. खात्याशिवाय अनुदान नाही. — एक माता, सांगली जिल्हा

उत्तर : अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत आपला मुलगा सज्ञान होतो आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व तिथे संपते. नेमक्या याच अडचणीसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज आई-वडील करू शकतात आणि त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र, आपली ओळखपत्रे आणि रहिवासाचा पुरावा घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा समाजकल्याण कार्यालयात या समितीची चौकशी करावी. समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र दाखवून खाते उघडता आणि चालवता येते. मुलाला समजते पण लिहिता येत नाही अशी परिस्थिती असेल, तर त्याच्या नावाचे खाते अंगठ्यावर चालू शकते. बोलणे अस्पष्ट असणे आणि न समजणे यांत फार मोठे अंतर आहे. ते बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर मुलाला बसवून त्यांना पाहू द्यावे, आणि त्याची समज पुरेशी असेल तर त्याचा व्यवहाराचा हक्क आपणही काढून घेऊ नये, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

अनुदानासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, लागेल. जुने हस्तलिखित प्रमाणपत्र असेल तर जिल्हा रुग्णालयातून नवे ऑनलाइन करून घ्यावे. दिव्यांगांसाठी उत्पन्न मर्यादा ५०,००० रुपये असून त्यांचे मासिक अनुदान २०२५ साली १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. त्याखेरीज राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते. त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि फिजिओथेरपीही येत असल्यामुळे आपल्या मुलाला त्याचा उपयोग इतर विम्यांपेक्षा अधिक होईल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. यंदा तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारावे आणि मुलाची मागणी, मग ती व्हीलचेअरची असो वा घराच्या उंबऱ्यापाशी उताराची, लेखी नोंदवावी.

प्रश्न : अर्ज तीन वेळा ‘त्रुटी आहे’ म्हणून परत आला, त्रुटी कोणती ते सांगत नाहीत. गावातील एक इसम ‘समितीत ओळख आहे, दोन हप्ते द्या, काम होईल’ असे म्हणतो. द्यावेत का? — एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : एक रुपयाही देऊ नये. मंजुरी तालुक्याच्या समितीत होते हे खरे. समितीत अशासकीय सदस्य असतात हेही खरे. पण तहसील कार्यालयाच्या छाननीत पात्र ठरलेले प्रकरण त्या इसमाच्या ओळखीवाचून समितीपुढे जातेच, आणि अपात्र असलेले त्याच्या ओळखीने मंजूर झाले तरी पुढच्या पडताळणीत बंद पडते. पैसे मागणारा शासकीय कर्मचारी असेल, किंवा त्याच्या वतीने कोणी मागत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या क्रमांकावर कळवता येते.

अर्ज आता चौथ्यांदा देताना हाती सोपवून न येता आवक शाखेत द्यावा किंवा सेवा केंद्रातून ऑनलाइन भरावा, आणि जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी अर्जाच्या शेवटी स्वतः लिहून त्या यादीसह पोच घ्यावी. कोणता कागद दिला आणि कोणता नाही याबद्दल मग वाद उरत नाही. उत्पन्न आणि अधिवासाचे दाखले महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील अधिसूचित सेवा आहेत. ठरलेल्या मुदतीत ते मिळाले नाहीत किंवा नाकारले गेले, तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते, आणि दिरंगाई सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अनुदानाच्या मूळ अर्जाचे काय झाले हे कळण्यासाठी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात : आपल्या अर्जावरील छाननीचा शेरा, तो समितीच्या कोणत्या बैठकीत ठेवला गेला, आणि त्या बैठकीच्या इतिवृत्तातील संबंधित पान. शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना तेही माफ आहे, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. शेरा हाती आला की त्रुटी कोणती ते कळेल. ती चुकीची असेल तर इतिवृत्ताची प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे किंवा जिल्ह्याच्या लोकशाही दिनात तक्रार मांडावी.

अर्ज लिहिण्यासाठी मदत हवी असल्यास तालुका न्यायालयातील विधि सेवा समितीकडे जावे. महिला, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. अर्जदार ज्येष्ठ असेल तर १४५६७ या क्रमांकावरील ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.